वलद्दाल्लीनपाशी अडलेली फातिहा: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण पन्नाशी ओलांडलेल्या एका बाईंचं आहे. घरात आणि ओळखीत सगळे त्यांना आपा म्हणतात, म्हणून इथेही आपाच. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी समुपदेशक आहे, मुसलमान नाही आणि मला अरबी येत नाही. या गोष्टींचा प्रकरणावर परिणाम झाला, म्हणून त्या आधीच सांगून टाकते.

पार्श्वभूमी

आपा सातव्या वर्षी अम्मींच्या शेजारी बसून कुरआन वाचायला शिकल्या. याला नाजरा म्हणतात. अक्षरं ओळखायची, जेर-जबर (स्वरचिन्हं) लावायचे आणि समोरचा मजकूर बघून मोठ्याने वाचायचा. अर्थ त्यात येत नाही. जगातल्या बहुसंख्य मुसलमानांची मातृभाषा अरबी नाही आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणांचं कुरआनशी पहिलं नातं असंच जुळतं, आवाजातून. आपांचंही तसंच. फजरच्या (पहाटेच्या) नमाजेनंतर एखादा रुकू, म्हणजे छोटा परिच्छेद, वाचायचा, मग दिवस सुरू. चाळीसहून अधिक वर्षं हा क्रम चालला आणि त्याचा त्रास त्यांना एकदाही झाला नाही.

मग अम्मी आजारी पडल्या. शेवटचे चार महिने आपा रोज त्यांच्या उशाशी बसून सूरह यासीन वाचायच्या. सूरह म्हणजे कुरआनचा अध्याय. 83 आयती (वचनं), अम्मींना ऐकू येईल एवढ्या आवाजात. अम्मी गेल्या. त्यानंतर रात्री तीनच्या सुमारास आपांना जाग येऊ लागली. छातीत धडधड, तळहात ओले आणि आपल्याकडून काहीतरी करायचं राहून गेलं अशी टोचणी. डॉक्टरांनी तपासलं, हृदय ठणठणीत होतं. आपा उठायच्या, वुजू करायच्या (हात-तोंड-पाय धुऊन शुद्ध व्हायच्या) आणि वाचायला बसायच्या. "पाच-सहा ओळींपर्यंत हात थरथरायचा. मग कधी थांबला ते कळायचंही नाही," असं त्यांनी मला पहिल्या भेटीत सांगितलं.

इथे मला जरा रेंगाळायचं आहे. पुढे काय बिघडलं ते कळायला, आधी काय नीट चाललं होतं ते कळायला हवं.

सूरह मुज्जम्मिलमध्ये (73:4) कुरआन तरतीलने वाचायला सांगितलं आहे, म्हणजे सावकाश, स्पष्ट, ठहरत. तजवीदचे नियम हे या सावकाशपणाचंच शास्त्र. कुठला स्वर किती ओढायचा, नाकातला गुन्ना किती घुमवायचा, श्वास कुठे घ्यायचा आणि कुठे घ्यायचा नाही, हे सगळं ठरलेलं असतं. फातिहाच्या, म्हणजे कुरआनच्या पहिल्या सूरहच्या, शेवटच्या 'वलद्दाल्लीन' या शब्दातला 'दा' सहा मात्रा लांबवतात. असं वाचताना श्वास पटकन आत घेतला जातो आणि आवाजाबरोबर हळूहळू सुटत राहतो. उच्छ्वास लांबला की व्हेगस मज्जातंतूच्या वाटेने हृदयाची गती उतरते. 2001 साली बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी 23 निरोगी माणसांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना किंवा 'ओम मणि पद्मे हुम्' म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाच्या व रक्तदाबाच्या लयी त्याच्याशी जुळल्या, असं त्यांना दिसलं. तो अभ्यास कुरआनवर नव्हता. त्यातला आकडा उचलून तिलावतीला (कुरआनच्या पठणाला) चिकटवणं बरोबर नाही. पण सावकाश, लयीत उच्चारलेल्या शब्दांनी श्वास बदलतो आणि श्वासाने शरीर, एवढं त्यातून नक्की घ्यावं.

श्वास ही एकच बाजू झाली. दुसरी बाजू लक्षाची. डोळा ओळीवर, बोट ओळीखाली, जीभ अक्षरावर आणि कान स्वतःच्या आवाजावर. काळजीला बसायला जागाच उरत नाही. तिसरी बाजू आपांची स्वतःची होती: त्या ज्या चालीत वाचत ती अम्मींची चाल होती. रात्री तीन वाजता त्या वाचायला बसत तेव्हा खोलीत दोन आवाज असत, असं त्या म्हणाल्या.

आणि श्रद्धा. ती या तिन्हींच्या खालची जमीन. सूरह जुमरमधली एक आयत (39:23) सांगते की हे वचन ऐकून आपल्या रब्बचं भय बाळगणाऱ्यांच्या अंगावर शहारे येतात आणि मग त्यांची त्वचा आणि काळजं अल्लाहच्या स्मरणाकडे मऊ होतात. आधी शहारा, मग मऊपणा. आपा ही आयत मला वाचून दाखवायच्या तेव्हा त्यांचा हात नकळत दुसऱ्या हाताच्या मनगटावरून फिरायचा. हा अनुभव नाडीच्या ठोक्यांत मोजून संपतो असं मला वाटत नाही, आणि तसा संपवायचा अधिकारही मला नाही.

बिघाड कुठे सुरू झाला

अम्मींच्या निधनानंतर पाचव्या महिन्यात आपांनी तजवीदचा वर्ग लावला. हेतू अगदी निर्मळ होता: अम्मींसाठी दुआ करायची तर वाचन चोख असावं. वर्गात पहिल्याच आठवड्यात लह्न-ए-जली आणि लह्न-ए-खफी हा फरक शिकवला गेला. पहिली उघड चूक, जिच्यात अक्षर किंवा मात्रा बदलते आणि अर्थही बदलू शकतो. दुसरी सूक्ष्म चूक, जिच्यात गुन्ना किंवा मद्द (स्वराची लांबी) कमी-जास्त होतो. उदाहरण नेहमीचंच. अरबीत 'क'ची दोन अक्षरं आहेत: मोठ्या काफने 'कल्ब' म्हटलं तर काळीज, लहान काफने म्हटलं तर कुत्रा.

बाकीच्या बायका हसल्या आणि वहीत लिहून घेतलं. आपा घरी आल्या आणि त्या रात्री झोपल्या नाहीत. चाळीस वर्षं आपण काय वाचलं? अम्मींच्या उशाशी काय वाचलं? आणि ज्या नमाजा चुकीच्या फातिहावर उभ्या होत्या, त्या झाल्या का?

पुढच्या तीन महिन्यांत हे असं वाढत गेलं. आधी अवघड अक्षरं दोनदा म्हणून बघणं. मग आयत दोनदा. मग मोबाइलवर स्वतःचं वाचन टिपून ते पुन्हा ऐकणं. सगळा भार येऊन थांबला तो 'ज्वाद' या अक्षरावर, वलद्दाल्लीनमध्ये आपण 'द' लिहितो त्या. जिभेची कड वरच्या दाढांना टेकवून काढायचा हा उच्चार अरबी न बोलणाऱ्यांना खरंच कठीण जातो. आपा तिथे पोचत, अडत, मागे जात, पुन्हा अल्हम्दुपासून सुरू करत. फातिहा सात आयतींची. ती नमाजेच्या प्रत्येक रकअतीत (आवर्तनात) म्हणायची, आणि पाच वेळच्या फर्ज (अनिवार्य) नमाजांच्याच 17 रकअती. इशाच्या (रात्रीच्या) नमाजेत एकेका फातिहाला वीस-पंचवीस मिनिटं लागू लागली. घसा बसला. जवळ पाण्याचा पेला ठेवून त्या तिलावत करत. चाळीस वर्षांच्या कजा (राहून गेलेल्या) नमाजा फेडण्यासाठी त्यांनी वहीत रेघा मारायला घेतल्या होत्या, आणि त्या रेघांचीही बरोबर-चूक सुरू झाली होती.

मुलगा बावीस वर्षांचा. दाराशी उभा राहून तो म्हणायचा, "झालं अम्मी, बरोबर होतं." आपांना तेवढ्याने दोन मिनिटं बरं वाटायचं. मग त्या विचारायच्या, "तू नीट ऐकलंस ना?"

त्या माझ्याकडे आल्या तेव्हा मुसहफाच्या (कुरआनच्या प्रतीच्या) पहिल्या पानावर शेवटच्या ओळीखालचा कागद बोटाच्या घर्षणाने मऊ, करडा झाला होता. बाकी पान कोरं करकरीत. मला ते पान आजही डोळ्यांसमोर दिसतं.

मराठीत या आजाराला मंत्रचळ असा जुना शब्द आहे, इंग्रजीत ओसीडी. आपांच्या परंपरेत वसवसा, म्हणजे मनात शंका घालणारी कुजबुज. कुरआनची शेवटची, 114 वी सूरह याच कुजबुजीपासून आसरा मागते. नवव्या-दहाव्या शतकातले विद्वान अबू जैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन यांच्या आरोग्यावर लिहिताना राग, भीती आणि दुःख यांच्या बरोबरीने वसवशाला वेगळा विकार म्हणून मांडलं होतं. म्हणजे आपांना जे होत होतं त्याला त्यांच्याच परंपरेत हजार वर्षांपूर्वी जागा होती. हे मला त्या वेळी ठाऊक असतं तर बरं झालं असतं.

माझ्या पहिल्या सहा आठवड्यांतल्या चुका

सुरुवातीला मी हे शोकातून आलेली चिंता म्हणून हाताळलं. ते पूर्ण चूक नव्हतं, पण अपुरं होतं.

वाचनाआधी पाच मिनिटं संथ श्वास घ्या, असं मी सांगितलं. दोन आठवड्यांत आपा श्वासच पुन्हा पुन्हा घेऊ लागल्या. "मॅडम, श्वास नीट झाला नाही, मग वाचायचं कसं?" मी त्यांच्या हातात आणखी एक पायरी दिली होती, चुकायला आणखी एक जागा.

मग मी म्हटलं, स्वतः वाचण्याऐवजी काही दिवस ऐका. त्यांनी मिसरचे (इजिप्तचे) कारी, म्हणजे कुरआन-पठणकार, महमूद खलील अल-हुसरी निवडले. 1961 मध्ये संपूर्ण कुरआनचं मुरत्तल (संथ, तरतीलच्या पठणाचं) ध्वनिमुद्रण पहिल्यांदा झालं ते हुसरींच्या आवाजात, आणि उच्चारांच्या काटेकोरपणासाठी शिकणारे आजही त्यांनाच ऐकतात. म्हणजे निवड उत्तम आणि आपांच्या आजारासाठी घातक. त्या हुसरींचा ज्वाद ऐकायच्या, मग स्वतःचा टिपायच्या, मग दोन्ही शेजारी लावायच्या. मोबाइलमध्ये दोनशेच्या वर तुकडे जमले होते, प्रत्येक चार-पाच सेकंदांचा, सगळ्यांत तोच एक शब्द.

ऐकण्याने मन शांत होतं, हे खरं आहे. हजरत इब्ने मसऊद (र.) या आपल्या साथीदाराला पैगंबरांनी (स.) स्वतःसाठी कुरआन वाचायला सांगितलं आणि सूरह निसाच्या 41 व्या आयतीपाशी थांबवलं, तेव्हा पैगंबरांचे डोळे वाहत होते, अशी हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतींची परंपरेतली नोंद) आहे. पण ते ऐकणं अर्थाचं होतं. आपा एक अक्षर पकडायला ऐकत होत्या.

इथे मला एक गोष्ट कळली आणि पुढचं सगळं तिच्यावर उभं राहिलं. अर्थ माहीत नसलेला मजकूर वाचताना मनाला धरायला फक्त ध्वनी असतो. मन स्वस्थ असेल तर तेवढं पुरतं, चाळीस वर्षं पुरलं. पण शंका शिरली की ती त्या एकाच हँडलला लटकते, आणि माणसाकडे धरायला दुसरं काही उरत नाही.

समोर असलेले मार्ग

पहिला मार्ग: काही महिने तिलावत पूर्ण थांबवायची. आपांच्या बहिणीचा हाच आग्रह होता. दिसायला सोपा. पण नमाज थांबवता येत नाही, आणि ज्या गोष्टीने अम्मींशी नातं टिकलं होतं तीच काढून घेतली तर शोक उघडा पडेल, ही भीती मला होती. शिवाय टाळण्याने असली भीती मरत नाही, मुरते.

दुसरा: तजवीद आणखी शिकायची. वर्गाच्या उस्तानींनी (शिक्षिकेने) सुरुवातीला हेच सुचवलं होतं, एकेका अक्षराचा मखरज (तोंडातली उच्चाराची जागा) पक्का होईपर्यंत सराव. ज्याला फक्त उच्चाराची अडचण आहे त्याला हा सल्ला योग्यच. आपांना खात्री हवी होती, आणि सरावाने खात्री वाढायच्या ऐवजी चुका ऐकू येण्याची ताकद वाढत होती.

तिसरा: औषध. मनोविकारतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी निदान पक्कं केलं, आजाराची पातळी तीव्र ठरवली आणि गोळ्या सुरू केल्या. मंत्रचळात या गोळ्यांचा गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात, हेही समजावून सांगितलं. हे आपांनी लवकर मान्य केलं. इलाज करा, ही पैगंबरांचीच शिकवण, असं त्यांचं म्हणणं.

चौथा: शंका येऊ द्यायची, पण तिच्या सांगण्यावरून मागे जायचं नाही. भीतीच्या समोर उभं राहायचं आणि नेहमीची सुटका अडवायची, ही या आजारावरची सगळ्यात पारखलेली उपचारपद्धत. यात अडचण एकच, पण मोठी. पुढे जाणं म्हणजे चुकीची फातिहा तशीच ठेवून नमाज पढणं, असं आपांना वाटत होतं. 'पुढे जा' हे सांगायचा हक्क माझा नव्हता. मी सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन मागे गेल्या असत्या.

वळण

मी उस्तानींना भेटायला बोलावलं. आपांच्या संमतीने, त्यांच्यासमोरच. हे मी सहा आठवडे उशिरा केलं.

उस्तानी साठीच्या, मोजकं बोलणाऱ्या. आपांचं ते करडं झालेलं पान त्यांनी हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, "बेटी, हे मी वर्गात बघायला हवं होतं." मग त्यांनी इमाम गजालींचं सांगितलं. गजाली (1058–1111) यांनी 'इह्या उलूमिद्दीन'मध्ये तिलावतीच्या आदाबवर (शिष्टाचारावर) एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे. कुरआनच्या अर्थापर्यंत पोचू न देणारे पडदे ते मोजतात, आणि त्यातला पहिलाच पडदा हा: सगळं ध्यान अक्षरं मखरजातून बरोबर निघाली की नाही याच्यावर लागणं. वाचणाऱ्याला अर्थापासून दूर ठेवण्यासाठी शैतान त्याला तेच अक्षर पुन्हा पुन्हा म्हणायला लावतो, असं गजालींनी लिहिलं आहे. आपांनी हे ऐकलं आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. आपल्यालाच उद्देशून कुणीतरी नऊ शतकांपूर्वी लिहून ठेवलंय, असं त्यांना झालं.

उस्तानींनी मग हजरत आयशा (र.) यांच्याकडून आलेली हदीस सांगितली: कुरआनमध्ये निपुण असलेला माणूस सन्माननीय फरिश्त्यांच्या सोबतीला असतो, आणि जो अडखळत, कष्टाने वाचतो त्याला दुप्पट सवाब (पुण्य) आहे. आपांना ही हदीस पाठ होती. पण ती आपल्याला लागू आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

खरं वळण मात्र तिसऱ्या गोष्टीने आलं. एका हदीसे कुदसीत अल्लाह म्हणतो की नमाज मी माझ्या आणि माझ्या बंद्याच्या मध्ये वाटली आहे. बंदा 'अल्हम्दु लिल्लाहि रब्बिल आलमीन' म्हणतो तेव्हा अल्लाह म्हणतो, माझ्या बंद्याने माझी स्तुती केली. फातिहातल्या पुढच्या आयतींनाही असंच उत्तर मिळत जातं. ही हदीस सांगून उस्तानी म्हणाल्या, "तू आयत म्हणतेस. तिकडून जवाब येतो. आणि तू ऐकायच्या आधीच मागे पळतेस, परत हाक मारायला. कितीदा हाक मारशील? तो तर कधीचा बोलतोय."

खोलीत कुणीच काही बोललं नाही. आपा रडत होत्या, पण छातीवर हात दाबून नव्हे, जशा रडायच्या असतात तशा.

निर्णय आणि कृती

तिघींनी मिळून आखणी केली. धर्माची चौकट उस्तानींची, उपचाराचा क्रम माझा आणि किती झेपेल ते ठरवणार आपा.

चौकट फिक्हच्या (इस्लामी विधिशास्त्राच्या) एका जुन्या तत्त्वावर बसली: खात्री शंकेने जात नाही. ज्याला वारंवार शंका येते त्याने शंकेकडे लक्ष देऊ नये, हे फकीहांनी सांगून ठेवलं आहे. आपांच्या बाबतीत उस्तानींनी ते असं उतरवलं: प्रत्येक आयत एकदाच. शंका आली तर ती घेऊनच पुढच्या आयतीवर जायचं. झालेली नमाज झाली. कजाची वही बंद.

एका मुद्द्यावर उस्तानींचं आणि माझं पटलं नाही. या पद्धतीत कधी कधी मुद्दाम चूक करायला लावतात, म्हणजे भीतीचा फुगा फुटतो. मी विचारलं, एखादा ज्वाद जाणून चुकीचा म्हटला तर? त्यांनी साफ नकार दिला. अल्लाहच्या कलामात जाणून बदल करायचा नाही. मी मागे हटले, आणि आज वाटतं की योग्य केलं. आपांना चुकीची सवय लावायची नव्हती. 'चुकलं असेल, नसेलही' याच्यासोबत राहायची सवय लावायची होती, आणि त्यासाठी मुद्दाम चुकायची गरजच नव्हती. शंका रोजच हजर होती.

पायऱ्या सोप्यापासून चढवल्या. आधी नमाजेबाहेर सूरह इख्लास, चार आयती, एकदाच. मग नासची सूरह. मग ओळीखालचं बोट उचलून वाचणं. मग तजवीदच्या रंगीत खुणा नसलेल्या मुसहफातून वाचणं. मग उस्तानींसमोर फातिहा म्हणणं आणि उस्तानींनी बरोबर-चूक काहीही न बोलणं. ही पायरी दोघींनाही जड गेली. शिकवणाऱ्या माणसाला गप्प बसणं सोपं नसतं. सगळ्यात वर इशाची फातिहा, घरी, एकट्याने, एकदाच.

सोबत रोज एका आयतीचा अर्थ. फार नाही, एकच. फातिहाच्या सात आयतींना सात दिवस. आपांनी आयुष्यात पहिल्यांदा 'इय्याक नअबुदु व इय्याक नस्तईन' याचा अर्थ शब्द सुटे करून वाचला: आम्ही तुझीच इबादत करतो आणि तुझ्याकडेच मदत मागतो. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "मॅडम, मी चाळीस वर्षं मदत मागत होते आणि मला माहीत नव्हतं."

मुलाशी वेगळं बोलले. "बरोबर होतं" हे वाक्य बंद. त्याऐवजी, "अम्मी, याचं उत्तर मी देणार नाही, असं आपलं ठरलंय." त्याला हे निष्ठुर वाटलं. पहिल्या आठवड्यात तो दोनदा फुटला आणि उत्तर देऊन बसला. आईला तडफडताना बघून गप्प राहायला सांगणं ही छोटी मागणी नाही, आणि त्याला आधी तयार करायला मी आणखी वेळ द्यायला हवा होता.

आणि एक फजिती झाली. उस्तानींनी सांगितलेला नियम मी कागदावर लिहून आपांना दिला, विसरू नये म्हणून. दोन आठवड्यांनी कळलं की प्रत्येक नमाजेआधी त्या तो कागद काढून वाचतात, कधी चार-पाचदा, "मी बरोबर समजले आहे ना" म्हणून. दिलासा देणारा मुलगा गेला आणि त्याच्या जागी दिलासा देणारा कागद आला होता. कागद परत घेतला. नियम लक्षात राहील तेवढाच पुरे, असं ठरलं.

निकाल

दहाव्या आठवड्याच्या आसपास गोळ्यांचा आणि सरावाचा परिणाम एकत्रच दिसू लागला. कशाने किती, हे मी सांगू शकत नाही. इशाची फातिहा पंचवीस मिनिटांवरून चार मिनिटांवर आली, मग दोन. घसा सुटला. पाच महिन्यांनी तज्ज्ञांनी पुन्हा मोजमाप केलं तेव्हा आजार तीव्रवरून सौम्य पातळीवर आला होता.

रमजानात तो उसळला. कुरआनचे तीस पारे (भाग) महिन्यात संपवायचे म्हणजे रोज एक पारा, आणि वेगात वाचताना अक्षरं निसटतात. तिसऱ्याच दिवशी आपांनी पहिल्या पाऱ्यातल्या एका पानावर तास घालवला. उस्तानींनी खत्मची, म्हणजे पूर्ण कुरआन संपवण्याची, अटच काढून टाकली. रोज एक पान, एकदाच, अर्थासह. तीस दिवसांत तीस पानं. मुसहफ 604 पानांचा. आपांना लाज वाटली. पण त्या तीस पानांत त्यांना काय काय सापडलं हे सांगायला त्यांनी एक पूर्ण भेट घेतली, आणि त्या भेटीत ज्वादचा विषय निघालाच नाही.

रात्री तीनची जाग अधूनमधून येते. तेव्हा त्या यासीन वाचतात. अम्मींच्या चालीत, तजवीदच्या वर्गातल्या चालीत नव्हे. हे त्यांनी स्वतः ठरवलं. मी विचारलं नाही, उस्तानींनीही टोकलं नाही.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्याच भेटीत मी विचारेन: वाचन किती वेळ चालतं, आणि त्यातला किती वेळ पुढे जाण्यात आणि किती मागे येण्यात जातो? मी फक्त "तिलावतीने बरं वाटतं का?" एवढंच विचारलं होतं. आपांचं उत्तर 'हो' होतं, आणि ते खरंही होतं. ज्या गोष्टीने आधार दिला तिच्यातच आजार घर करू शकतो, हे मला तेव्हा दिसलं नाही.

उस्तानींना पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच बोलावेन. श्रद्धेचा प्रश्न आहे म्हणून मी हात राखून वागले. आदर म्हणून केलं, पण त्या आदराने सहा आठवडे वाया गेले. मात्र कोणत्याही जाणकाराला बोलावून चालणार नाही, हेही तितकंच खरं. "आणखी नीट वाच" असं म्हणणारं कुणी आलं असतं तर आपा आणखी खोल गेल्या असत्या. आमच्या उस्तानींनी स्वतःचा आधीचा सल्ला मागे घेतला. ते सगळ्यांना जमत नाही.

तजवीदच्या वर्गांबद्दल उस्तानींचं आणि माझं पुढेही बोलणं झालं. त्यांनी आता लह्न-ए-जलीचा धडा शिकवताना अडखळणाऱ्याच्या दुप्पट सवाबाची हदीस त्याच तासाला सांगायला सुरुवात केली आहे, पुढच्या आठवड्यावर न ढकलता. वर्गात कुणी एकच आयत पाचव्यांदा म्हणायला लागलं की त्या मुसहफावर हात ठेवतात आणि पान उलटतात.

शोकाचं काम मात्र आमच्याकडून अर्धवट राहिलं. शंका मागे सरली आणि तिच्या आडचं दुःख पुढे आलं, तोवर भेटींमधलं अंतर वाढलं होतं. आता महिन्यातून एकदा भेटतो, ते त्यासाठीच.

गेल्या भेटीत आपांनी मोबाइल माझ्यासमोर ठेवला. ते दोनशे तुकडे अजून त्यात होते. "पुसू का?" त्यांनी विचारलं, आणि लगेच स्वतःच म्हणाल्या, "नाही, हे तुम्हाला विचारायचं नव्हतं." एक तुकडा त्यांनी वाजवला. त्यांचाच आवाज, ताणलेला, वलद्दाल्लीन. त्यामागे, लांबून, मुलाचा आवाज: झालं अम्मी. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला, मोबाइल पर्समध्ये टाकला आणि अम्मींबद्दल बोलायला लागल्या.